काकूंचे डोळे, माझे मार्क आणि बालगंधर्व

तुम्ही शेवटचं कुठलं गाणं ऐकून रडला होतात? उत्तर लगेच देऊ नका. आधी एवढंच बघा, की मनात आलेलं नाव चारचौघांत सांगायला लाज वाटतेय का. वाटत असेल, तर आजची गोष्ट तुमच्यासाठी आहे. वाटत नसेल, तर कदाचित इतरांना लाज वाटायला लावणारे तुम्हीच असाल. मी दोन्ही बाजूंना उभी राहून आलेय, म्हणून सांगतेय.

माझं गाव फुलसावंगी. यवतमाळ जिल्हा, महागाव तालुका. पैनगंगा ओलांडली की पलीकडे माहूर. मागच्या दिवाळीनंतर घरी गेले तेव्हा कापसाची वेचणी सुरू होती. वेचणाऱ्या बायांमधल्या एका काकूंचा फोन धुऱ्यावर ठेवलेला आणि त्यावर गाणं लागलेलं. गायक सध्याचाच, रील्सवर दिवसातून दहा वेळा ऐकू येणारा. त्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं आणि काकूंनी पदरानं डोळे पुसले. त्यांचा मुलगा दोन वर्षांपासून पुण्याला कंपनीत कामाला आहे. तो गावी आलेला नाही.

आता माझं पाप ऐका. त्याच्या आठवडाभर आधी मी कॉलेजात संगीत समीक्षेची असाइनमेंट दिली होती, याच गायकाच्या अल्बमवर. या माणसाच्या भावना प्लास्टिकच्या आहेत, आवाज मशीनमधून गाळून घेतलाय आणि खोली शून्य, असं मी लिहिलं होतं. मला दहापैकी नऊ मिळाले.

मग खरं कोण? नऊ मार्कवाली मी, की ओटीत कापूस घेऊन उभ्या राहिलेल्या काकू? या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी एका अशा माणसाकडे गेले, ज्याला जाऊन अर्धशतक उलटून गेलंय. तो आपल्या महाराष्ट्राचा पहिला पॉप स्टार होता, असं मी म्हटलं तर आजोबा लोक रागावतील. पण तुम्ही पूर्ण वाचा आणि मग ठरवा.

दहा वर्षांचा पोरगा आणि एक पदवी

नारायण श्रीपाद राजहंस. जन्म २६ जून १८८८. सांगली जिल्ह्यातलं नागठाणे हे त्यांचं गाव. घरची परिस्थिती साधारण, पण पोराच्या गळ्यात काहीतरी वेगळंच होतं. शिक्षणासाठी जळगावला नातेवाइकांकडे असताना मेहबूब खान यांच्याकडे गाण्याचे धडे सुरू झाले. नारायण दहाएक वर्षांचा असताना पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचं गाणं ऐकलं आणि कौतुकानं त्याला बालगंधर्व म्हटलं. हे नाव असं चिकटलं, की पुढे सत्तरी ओलांडल्यावरही ते बालच राहिले.

१९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. त्या काळी घरंदाज बायकांनी नाटकात काम करणं समाजाला चालत नव्हतं. म्हणून स्त्रियांच्या भूमिका पुरुष करायचे. भाऊराव कोल्हटकर हे कंपनीचे लाडके स्त्री-भूमिकावाले नट १९०१ मध्ये गेले होते आणि ती जागा रिकामी होती. सतरा वर्षांचा नारायण शकुंतला म्हणून उभा राहिला आणि ती जागा भरली.

पुढची वीस-पंचवीस वर्षं काय झालं, ते आजच्या भाषेत सांगते. हा माणूस ट्रेंड होता. तो रंगमंचावर जशी साडी नेसायचा, जसा गजरा माळायचा, जसा शेला घ्यायचा, तशी फॅशन घराघरातल्या बायका करायच्या. एक पुरुष बायकांना साडी कशी नेसायची ते शिकवत होता आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नव्हतं. फोटो विकले जायचे, ग्रामोफोनच्या तबकड्या विकल्या जायच्या. नाटक कंपन्या वऱ्हाडातही दौरे करायच्या. ज्यांना तिकीट परवडायचं नाही त्यांच्यापर्यंत गाणी त्या तबकड्यांतून, नाहीतर कुणीतरी गुणगुणलेल्या चालींतून पोचायची. हे पॉप नाही तर काय आहे?

१२ मार्च १९११

आता तुम्हाला त्या दिवशी घेऊन जाते, ज्यावर माझी सगळी गोष्ट उभी आहे.

मुंबई. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'संगीत मानापमान'चा पहिला प्रयोग. संगीत गोविंदराव टेंब्यांचं. नाटक काय, तर एक श्रीमंत घरातली मुलगी भामिनी आणि एक गरीब पण शूर सैनिक धैर्यधर यांची प्रेमकथा. रुसवे, गैरसमज, वेषांतर आणि शेवट गोड. भामिनी म्हणजे बालगंधर्व. जाहिराती झालेल्या, थिएटर भरलेलं.

आणि त्याच दिवशी त्यांची पहिली मुलगी वारली.

प्रयोग रद्द करावा असं सगळ्यांनाच वाटलं असणार. बालगंधर्वांनी तो होऊ दिला. प्रेक्षकांचा विरस नको, कंपनीचं नुकसान नको, असं त्यांचं म्हणणं पडलं. घरी मुलगी गेलेली आणि हा बाप चेहऱ्याला रंग लावून, नऊवारी नेसून, लाडात वाढलेल्या नखरेल भामिनीची प्रेमगीतं गायला उभा राहिला. नाटक गाजलं. इतकं गाजलं, की पुढे कित्येक वर्षं लोक मानापमान म्हणजे बालगंधर्व असंच समजायचे.

ही गोष्ट बहुतेक वेळा कलेवरची निष्ठा म्हणून सांगितली जाते. शाळेत आम्हालाही तशीच सांगितली होती. पण मी ती आता दुसऱ्या कारणासाठी सांगतेय. जरा विचार करा. त्या रात्री समोर बसलेल्या समीक्षकाला, रसिकाला काय ऐकू आलं असेल? खेळकर, लडिवाळ भामिनी. आत जे चाललं होतं त्याचा तिच्याशी काही संबंध नव्हता. म्हणजे खऱ्या आयुष्यातलं सगळ्यात खोल दुःख गळ्याच्या दोन इंच खाली होतं आणि गाण्यात त्याची सावलीही पडायला नको होती. कारण भामिनीची मुलगी मेलेली नव्हती.

आपण गायकाची खोली कशी मोजतो? त्यानं आयुष्यात किती भोगलं ते बघून. ब्रेकअप झालं होतं का, डिप्रेशन आलं होतं का, लहानपणी गरिबी होती का. जे भोगलं ते खरं, म्हणून गाणं खरं. मीही त्या असाइनमेंटमध्ये हेच केलं होतं. हा गायक पैसेवाल्या घरातला, याला विरह काय कळणार, असं एक वाक्य टाकलं होतं. १२ मार्च १९११ ची रात्र हा सगळा हिशेब चुकवते. गायकाच्या घरात काय घडलं आणि त्याच्या गळ्यातून काय आलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समीक्षकाला फक्त दुसरीबद्दल बोलायचा हक्क आहे.

फाटकं लुगडं

१९१३ मध्ये बालगंधर्वांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. गाण्याचं मोठं शिक्षण भास्करबुवा बखल्यांकडून मिळालं होतं. म्हणजे नाटकात गाणारा हा माणूस कच्चा नव्हता. त्याच्या तालमीमागे पक्कं रागसंगीत होतं.

१९१९ साली त्यांनी राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' रंगभूमीवर आणलं. या नाटकाचं आपल्या विदर्भाशी एक दुःखाचं नातं आहे. गडकरी त्याच वर्षी २३ जानेवारीला नागपूरजवळच्या सावनेरला वारले. नाटक रंगमंचावर आलेलं त्यांना बघायला मिळालं नाही. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहून दिली.

गोष्ट दारूची आहे. सुधाकर नावाचा हुशार वकील एका प्याल्यानं सुरुवात करतो आणि संपतो. त्याची बायको सिंधू शेवटपर्यंत त्याच्या पायाशी. आज तुम्ही ते नाटक वाचलंत तर सिंधूचा राग येईल. मला आला. पण आमच्या भागात दारूनं उजाडलेलं एखादं घर ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना सिंधू खोटी वाटणार नाही. ती जात्यावर दळण दळून पोरासह जगते. नवरा दारूच्या नशेत त्या पोराचाही जीव घेतो.

जो माणूस भरजरी शालू आणि खऱ्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध होता, तो सिंधूसाठी फाटकं लुगडं नेसून उभा राहिला. लोक थिएटरमध्ये रडायचे. आणि इथे एक मजेशीर गोष्ट आहे. मानापमानच्या रात्री त्यांच्याकडे रडायला कारण होतं आणि त्यांनी लोकांना हसवलं. एकच प्यालाच्या रात्री ते कंपनीचे मालक होते, लाखो लोकांचे लाडके होते आणि त्यांनी लोकांना रडवलं. खोली आयुष्यातून सरळ नळानं येत नाही. मध्ये कारागिरी लागते.

ती कारागिरी कुठली?

आवाज प्रचंड नव्हता. तो गोड होता आणि पल्लेदार होता, पण ओरडण्याचं त्यांना कधी कामच पडलं नाही. ऐकताना तीन गोष्टी कळतात, माझ्यासारख्या गाणं न शिकलेलीलासुद्धा.

पहिली, शब्द. एकेक अक्षर स्वच्छ. तान घेतानाही शब्द चुरगळत नाही.

दुसरी, बोलण्यातून गाण्यात जाणं. बोलणं संपून गाणं सुरू झालं तो सांधा दिसत नाही. बाई बोलता बोलता गहिवरली आणि तिचा आवाज सुरात गेला, असं वाटतं.

तिसरी, तीच ओळ पुन्हा. एक ओळ ते अनेक वेळा घ्यायचे आणि दर वेळी तिचा अर्थ थोडा हलायचा. एकदा विनवणी, एकदा तक्रार, एकदा नुसता श्वास. छोटीशी मींड, एखादी मुरकी, लयीशी किंचित खेळ. त्यात साथीला कोण, तर तबल्यावर पुढे जगप्रसिद्ध झालेले अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष. एका नाटक कंपनीत!

पण हे सगळं रंगमंचावर. ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची. जे पद प्रयोगात वन्समोअर घेत घेत पंधरा-वीस मिनिटं फुलायचं, ते तबकडीत कोंबून बसवावं लागायचं. आज आपण यूट्यूबवर खरखरीत रेकॉर्डिंग ऐकतो आणि म्हणतो, एवढं काय त्यात? आपण फुलाचा फोटो बघून वासाबद्दल मत देतोय. माझ्या असाइनमेंटच्या गायकाला मी कुठे ऐकलं होतं? बसमध्ये, एका कानात इअरफोन, दुसऱ्या कानात कंडक्टर.

समीक्षकांचं काय चुकलं आणि काय बरोबर होतं

आता मी समीक्षकांवर नुसतीच दगडफेक करणार नाही. कारण त्यांचं काही बरोबरही होतं.

बालगंधर्वांवर दोन बाजूंनी आक्षेप यायचे. रागदारीवाल्यांच्या कट्टर गटाला नाट्यगीत म्हणजे हलकं काम वाटायचं. मैफलीत तासभर राग मांडणारा तो खरा गवई, आणि नाटकात लोकांना खूश करणारा तो दुय्यम. हा आक्षेप मला अन्यायाचा वाटतो, कारण त्यात गायकाचं ऐकणंच नाही. फक्त दुकानाची पाटी वाचून माल ठरवणं आहे.

दुसरा आक्षेप नाटकवाल्यांचा. वन्समोअरमुळे नाटक मरतं. प्रेक्षक ओरडले की बालगंधर्व तेच पद पुन्हा गायचे, मग पुन्हा. सिंधू दुःखात बुडालेली असायची आणि मध्येच टाळ्या पडून ती तेच दुःख पहिल्यापासून सुरू करायची. प्रयोग रात्रभर चालायचे. ही टीका मला पटते. भावना खरी असली तरी ती पुन्हा पुन्हा मागून घेतली की तिची सवय होते. रडायला आवडणं आणि दुःख समजणं यात फरक आहे. जे रडवतं ते सगळं खोल असतं असं नाही, हे आपल्याला समीक्षकानंच सांगायला हवं.

१९२१ ची एक रात्र आठवा. टिळक गेल्यानंतर टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ८ जुलैला संयुक्त मानापमान झालं. धैर्यधराच्या भूमिकेत ललितकलादर्शचे केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. दोन सुपरस्टार, दोन फॅन क्लब, एक रंगमंच. केशवरावांचा आवाज तडफदार, पल्ला जबरदस्त. बालगंधर्वांचा आवाज आतल्या आत फिरणारा. त्या रात्री कोण जिंकलं, यावर मराठी माणूस पुढे कितीतरी वर्षं भांडला. केशवराव तीनच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, वारले. आणि भांडण तसंच राहिलं. कारण प्रश्नच चुकला होता. एक जण हाक मारत होता, दुसरा कानात सांगत होता. दोघांना एकच फूटपट्टी लावून कसं चालेल?

चांगली समीक्षा होतच नव्हती असं नाही. अमरावतीत जन्मलेले केशवराव भोळे 'एकलव्य' या नावानं गायकांवर लिहायचे. ते स्वतः चाली बांधायचे, त्यामुळे गाणं कसं बनतं हे आतून माहीत होतं. असा माणूस लिहितो तेव्हा वाचकाला निदान हे तरी कळतं, की मत कशावरून बनलं.

काळ बदलला, कान बदलले

१९३१ मध्ये 'आलम आरा' आला, १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'. सिनेमा बोलायला लागला. १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतर या संस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' केलं. त्यात बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या. गाणी मोजकी, छोटी, भावगीतासारखी. संगीत याच केशवराव भोळ्यांचं, गायला ज्योत्स्नाबाई भोळे. नव्या पिढीला हे जास्त खरं वाटलं. कालपर्यंत जे खोल होतं ते अचानक जुनं, ताणलेलं, नाटकी वाटायला लागलं. बालगंधर्वांचा गळा एका रात्रीत उथळ झाला नव्हता. ऐकणाऱ्यांच्या खऱ्याची व्याख्या बदलली होती.

त्यात त्यांच्या सवयी राजेशाही. महागडे पडदे, गालिचे, उंची अत्तरं, साथीला सर्वोत्तम वादक. कंपनीवर पूर्वीच लाखाहून जास्त कर्ज चढलं होतं. ते त्यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून फेडलं, पण खर्चाचा हात काही आखडला नाही. मग ते सिनेमात गेले. १९३५ साली प्रभातच्या, व्ही. शांताराम दिग्दर्शित 'धर्मात्मा'मध्ये ते संत एकनाथ झाले. आयुष्यभर स्त्री म्हणून उभा राहिलेला माणूस कॅमेऱ्यासमोर पुरुष म्हणून आला. समोर प्रेक्षक नाही, वन्समोअर नाही, टाळी नाही. सूर जुळला नाही आणि प्रभातशी सोबत तिथेच संपली.

ते पुन्हा रंगमंचावर आले. वय पन्नाशीच्या पुढे, अंग सुटलेलं, अंगावर नऊवारी. आता लोक हसायला लागले. जे हसत होते त्यांच्यातले काही जण वीस वर्षांपूर्वी रडत होते. हे वाचताना मला माझीच लाज वाटली, कारण आपण आज हेच करतो. गायिका जाड झाली, गायक म्हातारा झाला, त्याचे कपडे विचित्र आहेत, की आपल्याला त्याचं गाणं खोटं वाटायला लागतं. डोळे कानांना सांगतात काय ऐकायचं ते.

आणि मग गोहर. गोहरबाई कर्नाटकी ही गायिका १९३० च्या दशकाच्या शेवटी त्यांच्या आयुष्यात आली. ती बालगंधर्वांची गाणी त्यांच्याच ढंगानं गायची. आधी ती कंपनीत आली, मग घरात. एक मुसलमान गाणारी बाई आणि महाराष्ट्राचा लाडका गंधर्व. पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा समाजानं काय काय बोललं असेल ते तुम्ही ओळखू शकता. कमेंट सेक्शन तेव्हाही होता, फक्त तो ओट्यावर आणि कट्ट्यावर होता. त्यांच्या उतरणीचं सगळं खापर या बाईवर फोडणारे आजही भेटतात. पण पुढे बालगंधर्वांचे पाय गेले, उभं राहता येईना, तेव्हा त्यांचं सगळं करणारी तीच होती. १९६४ मध्ये ती गेली. गोहरच्या गाण्याला खोली होती का, हे कुणी शांतपणे ऐकून सांगितलं का? तिच्याबद्दल जे बोललं गेलं त्यात गाणं सगळ्यात शेवटी होतं.

सरकारी मान मिळाले. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ मध्ये पद्मभूषण. शेवटची वर्षं मात्र हलाखीची आणि आजारपणाची. १५ जुलै १९६७ ला पुण्यात ते गेले. पुढच्या वर्षी, २६ जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, पुण्यातलं बालगंधर्व रंगमंदिर सुरू झालं. २०११ मध्ये सुबोध भावेचा सिनेमा आला, आनंद भाटेंच्या आवाजातली पदं आली आणि आपल्या पिढीला हे नाव कळलं. ज्यांच्यावर हसले, ते आता अभिजात झाले.

मग काकू बरोबर का?

कॅनडात कार्ल विल्सन नावाचे एक समीक्षक आहेत. त्यांना 'टायटॅनिक'वाल्या सेलिन डिऑनचं गाणं अजिबात आवडायचं नाही. पण जगभर कोट्यवधी माणसं तिच्या गाण्यावर रडत होती. तेव्हा या माणसानं एक प्रामाणिक काम केलं. तिच्याच अल्बमवर २००७ साली एक पूर्ण पुस्तक लिहिलं आणि त्यात तिच्यापेक्षा स्वतःच्या आवडीची चौकशी केली. मला हे का आवडत नाही? गाण्यामुळे, की ते आवडणाऱ्या लोकांसारखं मला दिसायचं नाही म्हणून?

हे वाचलं तेव्हा मी आमच्या धुऱ्यावर परत गेले, मनातल्या मनात. आमच्या गावात पहाटे भोंग्यावर प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी लागायची आणि १४ एप्रिलला त्यांचीच भीमगीतं. ते २००४ मध्ये गेले, मी जेमतेम जन्मले होते. त्यांचा आवाज मला पाठ आहे, पण कॉलेजात मराठी गायकांवर प्रेझेंटेशन करायला सांगितलं तेव्हा त्यांचं नाव घ्यायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. मला कुणी मनाई केली नव्हती. खोल गाणं हॉलमध्ये असतं आणि भोंग्यावर नसतं, हे मी कधी शिकले ते मलाच आठवत नाही.

काकू रडल्या म्हणून ते गाणं महान ठरत नाही. बालगंधर्वांच्या वन्समोअरनं हे मला शिकवलं. त्या त्यांच्या मुलासाठी रडत होत्या, गाण्यानं फक्त दार उघडलं. पण दार उघडणं हीसुद्धा कारागिरी आहे. ती कशी केली, हे सांगणं माझं काम होतं. कुठला शब्द, कुठला सूर, कुठे श्वास घेतला. मी ते केलंच नाही. मी त्याचं घर, त्याचे कपडे, त्याचे फॅन बघितले आणि निकाल दिला.

तुम्हाला एक काम सांगते. बालगंधर्वांचं कुठलंही एक जुनं पद शोधा. सुरुवातीची खरखर सहन करा. डोळे मिटा, म्हणजे नऊवारीतला पुरुष दिसणार नाही. एक ओळ ते किती वेळा घेतात आणि दर वेळी काय बदलतं, ते मोजा. मग तुमच्या त्या लाजेच्या गाण्याकडे या आणि त्यालाही हीच परीक्षा द्या. तेवढ्याच शांतपणे, तेवढ्याच वेळ. नापास झालं तर झालं. पण ऐकून नापास करा.

मी ती असाइनमेंट पुन्हा लिहिली. मार्कांसाठी नाही, ती संधी गेली. तो अल्बम या वेळी घरी, रात्री, पूर्ण ऐकला. चार गाणी अजूनही मला पोकळच वाटतात आणि का वाटतात ते आता मी सांगू शकते. पण काकूंच्या त्या गाण्यात, दुसऱ्या कडव्यात, तो एका शब्दावर येऊन क्षणभर थांबतो. पुढचा शब्द सगळ्यांना माहीत असतो, तरी थांबतो.

पहिल्यांदा ऐकताना माझ्या कानाला ते थांबणं कळलंच नव्हतं. काकूंना कळलं होतं.